संग्या, त्या चॉकलेटच्या पाकिटावरनं

प्रिय संग्या,

लई दिवसांत लिहिलं नाही, राग धरू नको. इकडं सगळी बरी आहेत, आईचा गुडघा तेवढा दुखतोय.

काय झालंय ते तुलाच कळंल म्हणून लिहितोय. रविवारी रंकाळ्यावर आपली व्हेगन मंडळी बसलेली, म्हणजे दूध, मध, जनावरापासनं आलेलं काहीच न खाणारी. शाहूपुरीतली ती नवी पोरगी, अश्विनी, घरच्यांशी भांडून दूध-तूप सोडलंय तिनं, आणि ते पण कोल्हापुरात, जिथं गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून माणसं म्हशीचं धारोष्ण दूध पितात! तिनं हौसेनं सगळ्यांसाठी डार्क चॉकलेट आणलेलं. घटक म्हणशील तर कोको, साखर, कोको बटर (ते लोणी नव्हे, कोकोच्या बियांचीच चरबी), सोया लेसिथिन, बास. खाली बारीक अक्षरात 'दुधाचे अंश असू शकतात'. झालं, विन्या सगळ्यांसमोर तिला म्हणाला, हे खाणारा व्हेगनच नव्हे. पोरगी गप उठून गेली आणि काल मेसेज, मला हे जमायचं नाही, मी सोडतेय.

लगा, जीव जळला माझा. ती ओळ आपल्यासाठी नसतेच की, ॲलर्जीवाल्यांसाठी असते. एकाच लाइनवर आधी मिल्क चॉकलेट निघतं, मग डार्क, आणि ती मशिनं सहसा पाण्यानं धूत नाहीत, कारण जरा पाणी लागलं की चॉकलेट घट्ट होऊन बसतं, मग आधीचं थोडं मागं राहणारच. ते कुणी मुद्दाम घातलेलं नसतं, त्याच्यापायी एक म्हैस जास्त पिळली जात नाही. १९४४ साली इंग्लंडात निघालेली व्हेगन सोसायटी स्वतःच म्हणते, शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं पाळा, आणि असली ओळ असलेलं पाकीट त्यांना चालतं. विन्या हॉटेलात डोसा खातो त्या तव्यावर आधी लोणी परतलेलं असतंय, तिथं कोण लिहून देतंय? मधाचं वेगळं, तो पोळ्यातनं मुद्दाम काढतात. त्यावरनं पन्हाळ्याच्या वाटेत गाडी थांबवून तू घातलेला धिंगाणा मला अजून पटतो (नंतरच्या कोऱ्या चहाचे पैसे मात्र तू दिलेले नाहीस).

काळजी करायची तर दादाच्या ओमची. दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी त्याचे ओठ सुजतात, दम लागतो. वहिनी परवा म्हणाल्या, व्हेगनचा हिरवा शिक्का बघितला की मी डोळे झाकून घेते. मी दचकलोच! शिक्का म्हणजे दूध घातलेलं नाही एवढंच, त्या कारखान्यात दूध नव्हतंच असं नव्हे. आणि ओळ नाही म्हणजे अंश नाही, असंही धरता येत नाही, बऱ्याच देशांत ती लिहायची सक्तीच नाही. आपल्या लोकांनी हे घरोघरी सांगायचं सोडून एका पोरीला रडवलं.

तू अश्विनीला फोन कर, तुझं ऐकंल ती, नंबर व्हॉट्सॲपवर टाकलाय. विन्याकडं मी बघतो.

बाकी तुझी नवी नोकरी कशी आहे? पोरीचं नाव ठरलं का? गणपतीला यायचं बघ, आई विचारत असते.

तुझाच,
दिग्या