चौथ्या मिनिटाला तुटणारं गाणं

डोंबिवली, रविवार

प्रिय सई,

परवा रात्री तुझा मेसेज आला, ‘आई, मेटॅलिका ऐकलंयस का कधी?’ मी कुकर लावत होते. हसूच फुटलं. त्या वेबसीरिजमधल्या छपरावर चढून गिटार वाजवणाऱ्या पोराने तुमच्या अख्ख्या बॅचला त्या मेटल बँडकडे नेलंय, ते कळलं. मला विजूमामाने नेलं. फोनवर सांगायला गेले तर तू नुसतं ‘हो, हो’ करशील, म्हणून लिहायला बसले.

१९९२ साल, मी अकरावीत. विजूमामा पवईला होस्टेलवर होता. दिवाळीला आला आणि जाताना आजीची भावगीतांची ९० मिनिटांची कॅसेट घेऊन गेला. महिन्याने परत आणली. एका बाजूला मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, दुसऱ्या बाजूला स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’. दोन्ही अल्बम १९८६चे, दोन्ही बँड थ्रॅशवाले, म्हणजे सुसाट वेगाचं मेटल वाजवणारे. आजीला संशय नको म्हणून लेबलवर नावं देवनागरीत! त्यातला ‘रेन’ म्हणजे पाऊसच, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते; तो निघाला ‘reign’, म्हणजे राज्य. शेवटच्या गाण्यात खरंच पाऊस कोसळतो, मग शंका कशाला येईल?

आता गणित बघ. स्लेयरची दहा गाणी, पण सगळा मामला जेमतेम २९ मिनिटांचा. बाहेरच्या मूळ कॅसेटवर तर तो अल्बम दोन्ही बाजूंना अख्खा भरलेला असायचा. आमच्या ४५ मिनिटांच्या बाजूवर तो आरामात बसला आणि उरलेल्या जागेत आजीची भावगीतं शाबूत राहिली. पाऊस थांबतो न थांबतो तोच पेटी सुरू. मेटॅलिकाचा अल्बम मात्र जवळजवळ ५५ मिनिटांचा. सहा गाणी नीट व्हायची, सातवं ‘ओरायन’ लागायचं आणि चारेक मिनिटांत खट्ट! टेप संपली. आठवं तर नाहीच.

पहिल्यांदा लावली तेव्हा संथ, गोड गिटार ऐकून वाटलं, विजूने उगाच घाबरवलं. मग ते कोसळलं. थ्रॅशची सगळी गंमत उजव्या हातात असते, हे पुढे कळलं. तळव्याची कड तारांवर टेकवून सूर दाबायचा आणि वरून खाली फटके मारत राहायचं. मेटॅलिकाचा गायक-गिटारिस्ट हेटफिल्ड त्या वेगातही खालचेच फटके मारतो. तू गिटारवर दोन मिनिटं करून बघ, मनगट भरून येईल.

आजोबा भजनी मंडळात तबल्याला बसायचे, ठाऊक आहे ना? एकदा मी ‘मास्टर’ लावलेलं असताना पेपर बाजूला ठेवून मांडीवर ठेका धरू लागले. आता ओरडा बसणार म्हणून मी बटणावर बोट ठेवून तयार. तर म्हणाले, ‘दर चौथ्या वेळी मात्रा खातोय गं हा.’ पुन्हा लावायला लावलं. ‘पण चौघंही एकदम खातायत. म्हणजे मुद्दाम आहे.’ आणि पेपर उचलला. त्या गाण्याची याहून चांगली समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

शब्द कळायला मात्र वेळ लागला. ‘मास्टर’मधला मालक म्हणजे माणसाला नाचवणारी नशा, हे वर्षभराने उमगलं. स्लेयरचं पहिलंच गाणं आउश्वित्झच्या छळछावणीत नाझी डॉक्टर मेंगेलेने केलेल्या छळावर आहे. त्यापायी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तो अल्बम वितरित करायला नकार दिला होता. शब्द कळल्यावर ते गाणं मी बरेच दिवस पुढे ढकलत असे. त्यात नुसतं वर्णन आहे, निषेधाचा सूर कुठे लागत नाही, आणि ते मला आजही खटकतं. पण त्यांचा ड्रमर लोम्बार्डो, त्याचे पाय दोन्ही बास ड्रमवर सुटले की ऐकतेच. या भांडणात माझा निकाल लागलेला नाही.

‘ओरायन’ पुरं ऐकलं ते १९९५ला. शिकवणीच्या पैशांतून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मूळ कॅसेट आणली. चार मिनिटं होतात, आमची टेप जिथे तुटायची नेमकं तिथेच सगळे थांबतात आणि मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनचा बास गिटार एकटाच, सहा मात्रांच्या डुलत्या चालीत, पुढे निघतो. त्या गाण्याचा जीव तिथेच होता आणि तीन वर्षं मी त्याच्या अलीकडचंच गाणं पाठ केलं होतं. क्लिफ तोवर केव्हाच गेला होता. २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली. २४ वर्षांचा होता, आज तू आहेस त्याहून तीनच वर्षांनी मोठा. त्याला निरोप देताना हेच गाणं वाजवलं. स्लेयरचा अल्बम त्यानंतर दहाच दिवसांनी आला. विजूमामाने सहज आणलेल्या कॅसेटच्या एका बाजूच्या क्लिफचं जाणं आणि दुसऱ्या बाजूचं येणं, यांत एवढंच अंतर होतं.

तेव्हा तू एकच गाणं पुन्हापुन्हा ऐकतेस म्हणून मी काही बोलणार नाही. मला कोणत्या तोंडाने बोलता येईल? कॅसेट मागशील, ती मात्र मिळणार नाही. टेपरेकॉर्डर बिघडून दहा वर्षं झाली, पण ती माझ्या कपाटातच राहील. फोनवर ‘ओरायन’ लावते कधीकधी. चौथ्या मिनिटाला हात आपोआप बाजू बदलायला उठतो.

तुझी
आई

ता. क. हेडफोनचा आवाज बेताचा ठेव. विजूमामाशी बोलताना आपण सगळे त्याच्या डाव्या बाजूला का बसतो, विचार त्याला.