केक कापा, पण आमच्या दावणीला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘गोठ्यातला वाढदिवस’ वाचला. लेख गोड आहे, छायाचित्रे त्याहून गोड. मुलगा बैलाला केक भरवतोय, आई टाळ्या वाजवतेय, आणि खाली चौकटीत वाचकांना सल्ला : तुम्हीही सहकुटुंब गोशाळेत जा, जाताना घरातल्या उरलेल्या पोळ्या, भात न्यायला विसरू नका. हा सल्ला छापण्याआधी आपल्या कार्यालयातून कुणी जनावरांच्या डॉक्टरला एक फोन केला असता तर फार खर्च आला नसता.

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. आता आमच्या भागातल्या एका गोशाळेत औषधपाण्याला मदत करतो. गोशाळा म्हणायची एवढेच. भाकड जर्सी गायी आहेत, दूध देणार नाहीत म्हणून रस्त्यावर सोडलेले गोऱ्हे आहेत, ऊसतोडीच्या गाडीला खपलेले बैल आहेत, वीटभट्टीवरची दोन गाढवे आहेत आणि वरातीत नाचवून नाचवून पाय गेलेली एक घोडी आहे.

आता पोटाचे. गाय-बैलाचे कोठीपोट चारा कुजवून पचवण्यासाठी असते. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा आणि पाच-सहा किलो वाळला चारा लागतो, आणि त्यावर तासन् तास रवंथ. त्याच पोटात एकदम भात, पोळ्या, खीर, केक असले काही गेले की ते भराभर आंबते, आम्ल तयार होते आणि चारा पचवणारे जिवाणूच मरतात. रवंथ थांबते, जनावर दात खाते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, मग बसते. बसलेले उठेलच असे नाही. पोट फुगले तर डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, सुई खुपसून वायू काढता येतो. रक्तात उतरलेले आम्ल असे काढता येत नाही. खाण्याचा सोडा पाजायचा, सलाईन लावायचे आणि वाट बघायची.

आमच्याकडे हौशा नावाचा खिलार बैल होता. ऊसतोडीतून आला तेव्हा खांदा सुजून फुटलेला आणि एका शिंगाला कॅन्सर. आमच्या बैलांत हा आजार नवीन नाही. शिंग काढले, जखमेत आळ्या पडू नयेत म्हणून रोज धुतले, आणि गडी उभा राहिला. एका शिंगाचा, पण दावणीचा राजा. पेंढी टाकली की पहिले त्याचेच डोके पुढे. सर्वपित्रीला गाडीतून एक कुटुंब आले. सोबत टबभर भात, खीर आणि वडे. फाटकावर पाटी आहे, ‘शिजवलेले अन्न देऊ नये’. राखणदाराने अडवले, तर त्यालाच ऐकवले, “दादा, वडिलांच्या नावाने आहे, नाही म्हणू नका.” वडिलांचे नाव काढल्यावर तो तरी काय बोलणार? टब गव्हाणीत रिकामा झाला. हौशा पुढे होताच.

सकाळी मी पोचलो तेव्हा तो दात खात होता. डॉक्टर आले, सलाईनच्या बाटल्या लागल्या, सोडा पाजला. दुसऱ्या रात्री गेला. शिंगाच्या कॅन्सरमधून वाचलेला बैल खिरीने मेला. जेसीबी बोलावून खड्डा काढावा लागतो, वर मीठ टाकावे लागते, त्याचे पैसे वेगळे. त्याला पुरले त्याच दुपारी त्या कुटुंबातून फोन आला. मला वाटले, चौकशीला असेल. त्यांना त्या दिवशीचे फोटो हवे होते, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला.

आमची आई पितृपक्षात गोग्रास काढायची तो पानाच्या कडेचा घास असायचा. टबाची प्रथा कुठून आली, हे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी सांगावे.

हे आमच्याच दारात घडते असेही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरजवळ कणेरी मठावर शिळे अन्न खाण्यात आल्याने पन्नासच्या आसपास गायी दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपणही ती छापली असेल. इतक्या लवकर विसरता, याचे आश्चर्य वाटते.

द्यायचेच असेल तर कडबा द्या. शेकड्याने विकत मिळतो, जवळच्या शेतकऱ्याकडून घेतला तर त्याचेही भले होते. गूळही मुलाने तळहातावर ठेवला तर खडा, परात नव्हे. आणि पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट फेकू नका. राज्यात पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी मेलेल्या जनावराचे पोट उघडले की त्या निघतातच. नाहीतर हात रिकामे घेऊन या. शेण काढायला माणूस मिळत नाही. वाढदिवसाच्या मंडळींनी तासभर फावडे धरले तर फोटोही वेगळे येतील.

जाता जाता आणखी एक. लेखात म्हटले आहे की सरकार आता गोशाळांना भरघोस मदत करते. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूही कापता येत नाहीत. कायदा झाला, पण म्हातारे जनावर कोण पोसणार हे शेतकऱ्याला कुणी सांगितले नाही. ती जनावरे लोक आमच्यासारख्यांच्या दारात बांधून जातात, रात्री, दावे तसेच गळ्यात ठेवून. ३० सप्टेंबर २०२४ ला गायीला ‘राज्यमाता’ ठरवले आणि गोशाळांना दररोज प्रतिगाय पन्नास रुपये अनुदानही जाहीर झाले. मात्र ते देशी गायींना. जर्सी, होल्स्टीन या विदेशी वंशाच्या गायी त्यात नाहीत, बैलांना तर वालीच नाही. आमची निम्म्याहून अधिक दावण त्याबाहेर आहे, आणि खाते ती देशीइतकेच, किंबहुना जास्त.

आपल्या पहिल्याच छायाचित्राखाली ‘गीर गाय’ असे छापले आहे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ती गाय सरळसरळ होल्स्टीन संकरित आहे. देशी गीरचे कपाळ फुगीर आणि कान पानासारखे लोंबते असतात, हे कुठलाही गुराखी सांगेल. दुरुस्ती छापावी, ही विनंती. पण आपले छायाचित्र दाखवून त्या गोशाळेला रोजचे पन्नास रुपये मिळणार असतील, तर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, फलटण