पंचविशीनंतर बहरलेली कारकीर्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला मुलींच्या मैदानी खेळांवरचा लेख वाचला. बाविशीपर्यंत राष्ट्रीय पदक नसेल तर मुलीने सरळ नोकरीचं बघावं, हा त्यातला सल्ला काही पटला नाही. लेखकाने उदाहरणं सगळी धावपटूंची घेतली. तिहेरी उडीकडे नजर टाकली असती, तर कोलंबियाची कातेरीन इबार्ग्वेन दिसली असती.

उराबा हा केळीच्या बागांचा आणि त्या काळी बंदुकांचाही भाग. तिथे आजीच्या हाताखाली वाढलेली ही मुलगी मूळची उंच उडीची. १.९३ मीटरचा राष्ट्रीय विक्रम तिच्या नावावर होता. २००४ मध्ये ती अथेन्स ऑलिम्पिकला गेली, पण अंतिम फेरी काही गाठता आली नाही. २००८ च्या बीजिंगसाठी तर पात्रताच हुकली. वय चोवीस. आपल्या लेखाच्या हिशेबाने विषय संपला! ती पोर्तो रिकोला गेली, नर्सिंग शिकू लागली आणि उबाल्दो दुआनी या क्युबन प्रशिक्षकाने तिला तिहेरी उडीकडे वळवलं.

हा प्रकार बघायला सोपा वाटतो. पहिला टप्पा लंगडीसारखा: फळीवरून ज्या पायाने उसळायचं, त्याच पायावर उतरायचं. मग दुसऱ्या पायावर, आणि शेवटी वाळूत. खरी मेख मधल्या टप्प्यात असते. सुरुवातीची उसळी हावरेपणाने उंच घेतली की उतरताना गुडघा बसतो आणि मधला टप्पा आखूड पडतो. शालेय स्पर्धांत हे हमखास दिसतं. हा तोल अंगवळणी पडायला वर्षं जातात.

इबार्ग्वेनला २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्य. कझाकस्तानच्या ओल्गा रिपाकोवाने हरवलं. त्यानंतर सलग ३४ स्पर्धा ती हरलीच नाही. मॉस्को आणि बीजिंगची जागतिक सुवर्णपदकं त्यातलीच. २०१४ मध्ये मोनाकोला १५.३१ मीटर, ही तिची सर्वोत्तम उडी, तिशीतली. जून २०१६ मध्ये ही मालिका तुटली ती पुन्हा रिपाकोवाच्याच हातून, आणि दोन महिन्यांत रिओला १५.१७ मीटरसह ऑलिम्पिक सुवर्ण! कोलंबियाचं अॅथलेटिक्समधलं ते पहिलंच.

२०१७ च्या जागतिक स्पर्धेत तिच्याहून अकरा वर्षांनी लहान असलेल्या व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासने तिला अवघ्या २ सेंटिमीटरनी मागे टाकलं. (रोहासही आधी उंच उडीच मारायची, हे जाता जाता.) पुढच्याच वर्षी इबार्ग्वेनने डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या वार्षिक मालिकेत लांब उडी आणि तिहेरी उडी अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली आणि ती जगातली वर्षातली सर्वोत्तम महिला अॅथलीट ठरली. तेव्हा वय चौतीस.

प्रत्येक मुलगी इबार्ग्वेन होणार नाही, हे कळतं. पण कोण सुधारतंय आणि कोण अडलंय हे पदकावरून किंवा जन्मतारखेवरून कसं कळणार? ते मीटरमध्ये कळतं. आणि आपल्या दैनिकात जिल्हा स्पर्धांचे निकाल येतात तेव्हा प्रथम, द्वितीय, तृतीय एवढीच नावं असतात. उडी किती मीटरची, ते कधीच नसतं. पुढच्या मोसमापासून नावापुढे तेवढा आकडा छापावा, ही विनंती. जागा फार लागणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली