नकटी पुन्हा हातात आली

कोल्हापूर,
रविवार, रात्र

बाळ्या,

सप्रेम नमस्कार. आठ महिने पत्र नाही, फोन नाही. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे आणि मग पुढं वाच. माझी साखर आहे तिथंच आहे, हिची कंबरही.

घरात सांगितलं तर हसतील, म्हणून तुला लिहितोय. नकटीबद्दल आहे, आपल्या त्या बोथट नाकाच्या ली-एनफील्ड रायफलीबद्दल.

ओवीच्या शाळेत गॅदरिंगला जालियनवाला बाग बसवतायत. आजोबा एनसीसीत होते हे बाईंना तिनंच सांगितलं असणार. दहा पोरं शिपाई होणार, त्यांना रायफल धरायला शिकवाल का, असं विचारलं. विचार करून सांगतो एवढंही म्हणालो नाही रे, लगेच हो म्हटलं. परत येताना ओवी म्हणाली, आजोबा, तुम्ही वेगळेच चालताय.

मग सुतार. त्यानं दहा लाकडी रायफली केल्या, सगळ्यांना पुढं लांब टोक. असा घसरलो त्याच्यावर! अरे बाबा, ही थ्री नॉट थ्री आहे, १९०७ची मार्क थ्री. लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत येतं, पुढं बोथट टोपण, त्याला संगीन. गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टची मूठ खाली वाकलेली, चापाच्या जवळ. तो म्हणाला, काका, स्टेजवरनं कुणाला दिसणार? त्याला काय सांगू की 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त वाळवंट आणि उंट सोडून एक माणूस "नकटी, नकटी" म्हणून थेटरात ओरडला होता. आणि खऱ्या लॉरेन्सची, अरबांबरोबर तुर्कांशी लढलेल्या त्या इंग्रज अधिकाऱ्याची, नकटी तर पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत तुर्कांनी इंग्रजांकडूनच लुटलेली. तुर्कांचा युद्धमंत्री एन्व्हर पाशा, त्यानं तिच्यावर सोन्यात अक्षरं कोरून ती अरबांच्या राजपुत्र फैजलला दिली, फैजलनं लॉरेन्सला. आता लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. मनू तिथं आहे तर विचार तिला. नाही विचारणार तू, माहीत आहे.

पोरांना दाखवायचं म्हणून परवा 'गांधी' लावला, नेमका तो भाग. ओवी शेजारी. मी रायफल म्हणून छत्री घेतली. पाच-पाचच्या दोन क्लिपा, दहा गोळ्या. अंगठा आणि पहिल्या बोटात बोल्टची मूठ धरायची ती सोडायचीच नाही, चाप मधल्या बोटानं. १९१४चे टॉमी, म्हणजे इंग्रज शिपाई, असे मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचे. स्प्रिंग ताणली जाते बोल्ट पुढं ढकलताना, मागं ओढताना नव्हे. (मागं ओढताना ती मौझरची. मी तेव्हाही हेच म्हणत होतो. तुझ्याकडं एक भेळ आहे.) एनसीसीतली आपली डीपी, म्हणजे निकामी केलेली कवायतीची रायफल, तरी हाताला अजून सगळं आठवतं. छत्री खटाखट चालली होती, ओवी मोजत होती. वर बघितलं तर पडद्यावर लोक विहिरीत उड्या टाकत होते.

बाळ्या, १९८३. तू आणि मी, शेवटून तिसरी रांग. भानू अथैय्यांच्या ऑस्करमुळं सगळं कोल्हापूर थेटरात लोटलेलं. डायरचे शिपाई गुडघ्यावर बसले, रायफली खांद्याला लागल्या आणि तू मला कोपर मारलंस. मी हसलो. पुढच्या रांगेतले ते धोतरवाले मागं वळले, डोळे पुसत होते, काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर आपण दोघांनी चहा घेतला आणि बोल्टवरून भांडलो. त्या म्हाताऱ्यांचा विषय तू कधी काढला नाहीस, मीही नाही.

छत्री ठेवली आणि रात्री हिशेब मांडत बसलो. ५० रायफली, १६५० गोळ्या. प्रत्येकी ३३. तीन मॅगझीन भरून वर तीन. आणि हे चाललं साधारण दहा मिनिटं, म्हणजे माणशी मिनिटाला तीन-चार बार. जी पंधरा काढते ती नकटी! घाई नव्हतीच रे कुणाला. गर्दी जिथं दाट तिकडं नेम धरा, हे डायर सांगत होता आणि शिपाई निवांत बोल्ट मारत होते. सरकारी आकडा ३७९ मेल्याचा. एवढी वर्षं मला वाटायचं, अंदाधुंद गोळीबार झाला. ती तर कवायत होती. आणि ती कवायत मी शिकवणार.

मी स्वतःला समजावतो की २००८ला सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात हीच होती. समजावून होतं, मग पुन्हा छत्रीकडं लक्ष जातं.

काल ओवीनं शेजारच्यांना करून दाखवलं. मधल्या बोटानं चाप, अगदी बिनचूक. सगळे हसले. तिला विचारलं, बागेत काय झालं सांग बघू. म्हणाली, ते पाठ व्हायचंय अजून.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, चालतोस का? वहिनींना नमस्कार. पुण्याच्या फ्लॅटचं काय ते एकदाचं कळव.

शुक्रवारी पहिली तालीम. बाई म्हणतात, "फायर" तुम्हीच म्हणा, पोरं तुमचं ऐकतात. खडा आवाज तुझा होता, माझा कधीच नव्हता. सुतारानं टोकं कापून बोथट केलीत, उद्या सकाळी रायफली आणायला जायचंय. एक मी रात्रीपुरती घरी ठेवून घेणार आहे.

तुझा,
सुऱ्या

ता. क. भेळ राजारामपुरीतली. पुण्यातली चालणार नाही.