‘फॉरमॅट’वर क्लिक करण्याआधी

संपादक महोदय,

मॅकवर वापरलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क विंडोजला लावली की ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना येऊ शकते. डिस्क बहुधा ठणठणीत असते. तिचा एपीएफएस किंवा एचएफएस प्लस हा फॉरमॅट, म्हणजे फाइल्स साठवण्याची मॅकची पद्धत, विंडोजला वाचता येत नाही, इतकंच. खरं तर सूचनेत तेच लिहायला हवं, कारण घाबरून होकार देणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे फोटो त्यात जातात. ‘कॅन्सल’ करा, डिस्क पुन्हा मॅकला लावून सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, मगच फॉरमॅट बदला. चुकून होकार दिलाच गेला, तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका. रिकव्हरीची आशा त्यावरच असते.

विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर डिस्क फिरणार असेल तर एक्सफॅट हा फॉरमॅट निवडावा. फॅट३२ जवळपास सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही, डिस्क रिकामी असली तरी. विंडोजचा एनटीएफएस मॅकला वाचता येतो, त्यावर लिहिता मात्र येत नाही. लिनक्समध्ये एक्सफॅटची चांगली सोय २०२०च्या ५.७ कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याची आवृत्ती) आहे. जुन्या आवृत्तीत वेगळं पॅकेज टाकावं लागतं.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ उघडा, एक्सफॅट निवडा, ‘अलोकेशन युनिट साइझ’ डिफॉल्टच ठेवा. मॅकवर डिस्क युटिलिटीत आधी ‘शो ऑल डिव्हायसेस’ करा आणि डावीकडे सर्वांत वरची, म्हणजे अख्खी डिस्क निवडा. खालचा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा एक भाग, निवडला तर ‘स्कीम’चा (डिस्कच्या विभागणीच्या पद्धतीचा) पर्याय दिसतच नाही. तिथे ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ हवा.

एक्सफॅटची कमजोरीही ठाऊक हवी. एनटीएफएस किंवा एपीएफएससारखं अर्धवट राहिलेलं काम सावरण्याचं संरक्षण त्यात नाही. कॉपी चालू असताना केबल ओढली तर फाइल्सची नोंदच बिघडू शकते. म्हणून प्रत्येक वेळी ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढावी. नंतर मॅकवर ती बराच वेळ दिसली नाही, तर आत तपासणी चालू असण्याची शक्यता असते. पुन्हा उपटू नये. विंडोजवर ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’मधून ‘चेक’ करता येतं.

आणखी एक: ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटसाठी १२८ केबीचे कप्पे पाडतं. २ केबीची फाइलही पूर्ण कप्पा अडवते. हजारो बारीक फाइल्स असतील तर त्यांची झिप करून ठेवावी. मॅकच्या टाइम मशीनचा बॅकअप तर एक्सफॅटवर घेताच येत नाही. त्यासाठी वेगळी डिस्क किंवा वेगळं पार्टिशन लागतं.

– एक वाचक