अडलेला फोर्क आणि प्राय-ए

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या बारावीच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न फोनवर उरकावासा वाटला नाही, म्हणून हे पत्र. डीएनएची नक्कल मध्येच अडली तर पेशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते का? नाही. जिथे अडली तिथूनच ती पुढे सरकते, आणि ते कसं घडतं हे मला आजही थक्क करतं.

ई. कोलाय हा जिवाणू घे. एकच गोल गुणसूत्र, सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचं. नक्कल सुरू होण्याची जागाही एकच. तिथली ठरावीक अक्षरं डीएनए-ए नावाचं प्रथिन ओळखतं आणि मग डीएनए-बी हे हेलिकेज, म्हणजे दोन धागे उलगडणारं सहा तुकड्यांचं कडं, धाग्यावर चढतं. दोन फोर्क, म्हणजे धागे वेगळे होऊन नक्कल चालू असलेल्या दुफाट्या, विरुद्ध दिशांना सुटतात, सेकंदाला जवळजवळ हजार अक्षरांच्या वेगाने. वाटेत कुठे अतिनील किरणांनी बिघडलेली अक्षरं, कुठे तुटलेला धागा. फोर्क कोलमडतो, कडं निसटतं. आता डीएनए-ए काय करणार? त्याची अक्षरं तर लाखो जोड्या मागे राहिली.

इथे प्राय-ए नावाचं प्रथिन कामाला लागतं. ते अक्षरांचा क्रम बघतच नाही, गलोलीच्या काठीसारखी दुफाटी बघतं. त्याच्या अंगावर एक छोटा खळगा आहे आणि नव्या धाग्याचं ३ प्राइम टोक, म्हणजे जिथे नवी अक्षरं जोडली जातात ते टोक, त्यात जाऊन बसतं. २००७ साली जपानी संशोधकांनी हा खळगा स्फटिकात पाहिला: चारांपैकी कोणताही बेस त्यात मावतो! फोर्क कुठे मोडेल याचा नेम नसतो, तेव्हा असंच हवं ना?

उघड्या धाग्यावर एसएसबी, म्हणजे एकेरी धाग्याला चिकटणारी प्रथिनं, आधीच बसलेली असतात; त्यांच्या शेपट्याही प्राय-एला धरतात. मग प्राय-ए दुसऱ्या फाट्यावरचा धागा थोडा उलगडून जागा करतं, प्राय-बी आणि डीएनए-टी ही प्रथिनं येऊन मिळतात, आणि डीएनए-सी नवं कडं चढवतं. नव्या धाग्याचं टोक दुफाट्यापासून मागे राहून मध्ये मोकळी जागा पडली असेल, तर प्राय-सी हे आणखी एक प्रथिन वेगळ्या वाटेने हेच काम करतं.

प्राय-ए १९७० च्या दशकात फाय-एक्स-१७४ या जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूच्या अभ्यासात सापडलं. जिवाणूला स्वतःला ते कशासाठी लागतं, हे कळायला पुढे बराच काळ गेला. मी प्राय-ए नसलेला वाण वाढवला आहे. प्लेटवर वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्या; सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक पेशी लांबच लांब दोऱ्यांसारख्या, विभागणी रखडलेल्या. चांगलंचुंगलं खाद्य दिलं तर आणखी हाल, कारण भराभर वाढताना फोर्कही जास्त. प्राय-सीसुद्धा काढून टाकलं तर पेशी जगतच नाही.

माणसात प्राय-ए नाही, म्हणून नव्या प्रतिजैविकांसाठी त्याच्याकडे लक्ष आहे. त्या मुलीला हेही सांग. आणि पुस्तकात फोर्क न अडखळता टोकापर्यंत जाताना दाखवला असेल, तर फळ्यावर एक मोडलेला फोर्कही काढ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर