फुरशासाठी काचेची नळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की सर्पदंशाच्या सूचना छापून येतात आणि सोबत हमखास फणा काढलेला नाग असतो. आम्हा देवगड-राजापूरच्या कातळावर राहणाऱ्यांना चित्र हवे ते फुरशाचे. हा जेमतेम फूट-दीड फुटाचा साप जांभ्याच्या रंगात मिसळून जातो आणि चिऱ्याखाली किंवा काजूच्या पाचोळ्यात वेटोळे करून बसतो. डिवचला की अंगावर अंग घासून करकर आवाज करतो, पण गवत कापणाऱ्याला तो ऐकू येईलच असे नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. फुरसे काही संपले नाही. (बिचारा मांजऱ्या साप मात्र फुरसे समजून आजही मारला जातो.)

या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच जाते. मण्यार चावल्यावर येते तशी झापड येत नाही. पाय सुजतो, पण माणूस बोलतो-चालतो आणि ‘काही नाही झालं’ म्हणत घरी जातो. हिरड्यांतून, लघवीतून रक्त दिसते ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. अशा माणसाच्या दंशावर ब्लेड मारणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

हे वेळीच ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. शिरेतले दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठू लागते. प्लास्टिकवर भरवसा नाही. साबणाने धुतलेली नळीही फसवते. ग्रामीण दवाखान्यांत घोडे अडते ते नेमके इथे.

प्रतिविष दिले की काम झाले, असेही नाही. फुरशाच्या जाती पश्चिम आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरल्या आहेत. आपले फुरसे थेट पिल्ले देते, आफ्रिकेतली बहुतेक अंडी घालतात. दिसायला सारखी, पण विष वेगळे. भारतीय सापांच्या विषावर बेतलेले प्रतिविष घाना आणि चाडमध्ये वापरले गेले तेव्हा तिथले मृत्यू वाढले होते. राजस्थानातल्या फुरशाच्या दंशावरही आपले नेहमीचे प्रतिविष कमी पडते, असे तिथले डॉक्टर सांगतात. म्हणून दर सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करून औषध लागू पडते आहे का, हे पाहावेच लागते.

केंद्राने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले आहे. त्या नोंदीत चाचणी किती वाजता केली आणि रक्त गोठले का, हे दोन रकाने असावेत. आणि गवतकापणी सुरू होण्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्या काचेच्या नळ्यांचा डबा पोहोचावा, एवढी जिल्हा परिषदेला विनंती.

– एक बागायतदार, देवगड, जि. सिंधुदुर्ग